आधी पाळणाघर, मग कोर्स : एकल पालकांना शिक्षण आणि नोकरीपर्यंत नेणारा उपक्रम गावात कसा चालवायचा

मोफत कोर्सचा बोर्ड लागला की पहिल्या दिवशी वर्ग भरतो. महिनाभरात मागच्या सतरंज्या रिकाम्या होतात, आणि गळालेल्या बायकांची नावं काढली तर त्यात एकट्याने मुलं वाढवणाऱ्या आया हमखास सापडतात. मग संस्थेच्या अहवालात लिहिलं जातं की लाभार्थींना गोडी नव्हती. गोडी असते हो. पोर तापाने फणफणलेलं असतं, नाहीतर ज्या जावेकडे ते ठेवलं होतं ती माहेरी गेलेली असते, नाहीतर आठवडाभर मजुरी बुडाल्यामुळे वाणसामानाची उधारी थांबलेली असते.

हा लेख गावातलं महिला मंडळ, ग्रामसंघ, माविमचं (महिला आर्थिक विकास महामंडळाचं) लोकसंचालित साधन केंद्र किंवा छोटी संस्था चालवणाऱ्यांसाठी आहे. सांगायचं मुख्य एकच : कोर्स निवडणं हे शेवटून दुसरं काम आहे. त्याच्या आधी यादी, कागद, घरखर्च आणि मूल. महाराष्ट्राला हे नवीनही नाही. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, 1896 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. दोन्ही ठिकाणी शिकवणीच्या जोडीला राहण्या-जेवणाची सोय होती. आपण मात्र आज शिलाई मशीनपासून सुरुवात करतो.

यादी : लाउडस्पीकर न लावता

‘विधवा महिला मेळावा’ असं बॅनर लावलं की विधवा येतात, त्याही थोड्या. नवऱ्याने टाकलेली, नवरा परागंदा झालेली, नवरा तुरुंगात असलेली, लग्नाशिवाय आई झालेली, यांतली एकही येत नाही. म्हणून शब्द ‘एकल’ वापरा आणि यादी घरोघर करा. चार ठिकाणची माहिती ताडून बघा : अंगणवाडीचं कुटुंब सर्वेक्षण, आशाताई, ग्रामपंचायतीतली मृत्यूनोंद आणि शाळेतल्या बाई. शेवटचं नाव बरेच जण विसरतात. आई माहेरी परत आल्यावर वर्षाच्या मध्यात मुलाचं नाव घातलं जातं, तेव्हा शाळेला ते सगळ्यात आधी कळतं.

एका घराला एक पान पुरतं. मुलांची वयं आणि इयत्ता, बाईचं शिक्षण कुठे थांबलं, घरात आणखी कोण, कर्ज किती आणि कुणाचं. एक प्रश्न मात्र मुद्दाम विचारा : आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाईल कुणाच्या हातात असतो? तो दिराच्या खिशात असेल तर पुढचा प्रत्येक ऑनलाइन अर्ज ओटीपीपाशी अडणार. नंबर आधी बदलून घ्या.

पहिल्या वर्षी 20 ते 25 घरांच्या वर जाऊ नका. एका पूर्णवेळ कार्यकर्तीला एवढीच घरं नीट पेलतात. शंभर नावं लिहून घेतली की त्या शंभरजणींना फक्त सभेचे निरोप जातात.

कागद : क्रम चुकला की महिने जातात

कागदांची एक साखळी आहे. पतीच्या मृत्यूचा दाखला, मग स्वतंत्र शिधापत्रिका, मग उत्पन्नाचा दाखला, मग योजनेचा अर्ज. मधली कडी सोडून पुढे गेलात तर अर्ज त्रुटीत परत येतो.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली तर सोपं. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तेव्हा हे काम सगळ्यात आधी हातात घ्या. परित्यक्तेचं अवघड असतं, कारण तिच्याकडे दाखवायला काहीच नसतं. पोटगीचा अर्ज कोर्टात असेल तर त्याची प्रत हाच तिचा सगळ्यात भक्कम पुरावा. वकिलाच्या फीची धास्ती असते, पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा.

शिधापत्रिका सासऱ्यांच्या नावावरची असते आणि ती फोडायला घरचे तयार नसतात. धान्य कमी होईल ही भीती. विभक्त कार्डाचा अर्ज करण्याआधी सासू-सासऱ्यांशी कार्यकर्तीने एकदा बसून बोलावं. पुढे हेच नातं मूल सांभाळायला लागणार आहे, ते तोडून फायदा नाही.

उत्पन्नाच्या दाखल्यात नेहमीचा घोळ म्हणजे तलाठ्याकडून सासऱ्यांच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीचं उत्पन्न सुनेच्या नावावर धरलं जातं. वेगळं कार्ड आणि वेगळी चूल असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला आधी जोडला तर हे टळतं. दुसरा घोळ नावाचा. दहावीच्या किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाहनोंदणीचा दाखला असेल तर काम होतं; नसेल तर राजपत्रात नावबदल करून ठेवा. कोर्सच्या प्रवेशाच्या आठवड्यात हे सुचलं तर उशीर झालेला असतो.

सगळ्या कागदांच्या तीन झेरॉक्स आणि मोबाईलवर स्कॅन, असं एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. फाइल बाईकडे राहील, संस्थेच्या कपाटात नाही.

पहिले सहा महिने घर कशावर चालणार

शिकायला बसणं म्हणजे मजुरी सोडणं. ते भोक बुजवल्याशिवाय कुणी टिकत नाही. हाताशी असलेल्या गोष्टी अशा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना : 65 वर्षांच्या आतल्या विधवा, परित्यक्ता आणि पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रियांना महिन्याला 1,500 रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, आणि राज्यात किमान 15 वर्षं वास्तव्य. अर्ज तहसीलमध्ये. लाडकी बहीण योजनेचेही 1,500 वेगळे मिळतील असं बायकांना कुणीतरी सांगितलेलं असतं. दोन्हींचे मिळून 3,000 मिळत नाहीत.

कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला असेल आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच 20,000 रुपये. हे मागायचंच राहून जातं, कारण त्या दिवसांत कुणाला भान नसतं.

बाल संगोपन योजना : आई किंवा वडील यांपैकी एकच असलेल्या मुलाला, 18 वर्षांपर्यंत, महिन्याला 2,250 रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, आदेश बाल कल्याण समितीचा. कागदांत एक मजेशीर वाटणारी अट असते : घरासमोर उभं राहून पालक आणि मुलांचा एकत्र फोटो. मोबाईलवर काढताना घराचं दार दिसेल आणि कुणाचाही चेहरा सावलीत जाणार नाही असा सकाळी काढा. अंधुक फोटोमुळे अर्ज परत येतो आणि समितीची पुढची तारीख हुकते. घरी चौकशीला माणूस येतो, तेव्हा मूल शाळेत जात असल्याचा बोनाफाइड दाखला तयार हवा.

इथे एक सावधगिरी. बाल संगोपनाचे पैसे दरमहा पगारासारखे येत नाहीत, अनेक महिन्यांचे एकदम जमा होतात. घरभाडं त्या भरवशावर ठरवू नका. शाळेची फी, दप्तर, दवाखाना याच्यासाठी धरा. आणि पैसे ‘आलेच नाहीत’ असं वाटलं तर आधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलं आहे ते तपासा. थेट हस्तांतर आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातं, आणि ते बरेचदा कधीकाळी उघडून विसरलेलं जनधन खातं निघतं.

पाळणाघर

उपक्रम तरतो किंवा बुडतो तो इथे. केंद्राच्या पाळणा योजनेचा ढाचा असा : सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका केंद्रात 25 पर्यंत, एक सेविका आणि एक मदतनीस, महिन्यात 26 दिवस, दिवसाला साडेसात तास. ढाचा चांगला आहे, पण दोन ठिकाणी अपुरा पडतो. दोन वर्षांखालची सहा-सात मुलं असली तर दोन बायका पुरत नाहीत. आणि साडेसात तास ही नोकरीची वेळ झाली, प्रवासाची नाही. आठ चाळीसची एसटी पकडायची असेल तर दार सव्वाआठला उघडलं पाहिजे, आणि परतीची गाडी चुकली तरी मूल पायरीवर बसायला नको म्हणून बंद व्हायची वेळ शेवटच्या आईच्या वेळेच्या तासभर पुढे हवी.

सुरुवात 15 मुलांनी करा. समाजमंदिराची किंवा जुन्या शाळेची बारा बाय वीसची खोली चालते, मात्र स्वयंपाकाची जागा वेगळी, संडास जवळ आणि विहीर-टाकीला झाकण. खर्चाचं एक उदाहरण मांडून बघू. सेविका 6,000, मदतनीस 5,000. खाणं मुलामागे रोज 25 रुपये, म्हणजे 15 मुलं आणि 26 दिवसांचे 9,750. साबण, गॅस, औषधपेटी, चटया 1,750. एकूण 22,500, मुलामागे 1,500. आईकडून महिन्याला 300 घेतले तर 4,500 जमतात, उरलेले 18,000 तुम्हाला उभे करायचे आहेत. फुकट ठेवू नका. तीनशे रुपये देणारी बाई भाजीत मीठ कमी पडलं तर बोलते, आणि ते बोलणं तुम्हाला हवं आहे.

तूट भरायला पहिलं दार ग्रामपंचायतीचं. स्वउत्पन्नातली 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, आणि ती मार्चअखेर घाईघाईने कुठल्यातरी खरेदीवर जाते. ग्रामसभेत ऑगस्टमध्येच ठराव मांडा. तीन ते सहा वयाची मुलं मधल्या वेळात अंगणवाडीत नेऊन आणली तर त्यांचा गरम आहार तिथे होतो आणि खाण्याचा खर्च खाली येतो. मानधनात मात्र काटकसर नको. सेविका वर्षात दोनदा बदलली की मुलं रडतात, आणि मूल रडलं की आई घरी बसते.

बाकीचे नियम खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा. त्यांतले दोन कधीच सैल करू नका.

एक, मुलाला कोण घेऊन जाणार. प्रवेशाच्या दिवशी आई तीन नावं आणि तिघांचे फोटो देते, बाकी कुणाच्याही हातात मूल जात नाही. मुलाच्या ताब्यावरून वाद चालू असतो तिथे बाप किंवा काका दुपारी गोड बोलत येतो, खाऊ घेऊन येतो. वहीत नाव नसेल तर मूल मिळणार नाही, एवढंच सेविकेने सांगायचं आणि कार्यकर्तीला फोन लावायचा. वहीत वेळ आणि सही रोजच्या रोज.

दोन, आजारपण. ताप किंवा जुलाब असलेलं मूल त्या दिवशी घेता येत नाही, नाहीतर आठवड्यात सगळी खोली झोपते. म्हणून दोन-दोन घरांची जोडी लावा : एकीचं मूल आजारी पडलं तर त्या दिवशी दुसरीच्या घरातलं माणूस सांभाळेल. जोडी कागदावर लावून भागत नाही. एकदा मुद्दाम अर्धा दिवस करून बघा, म्हणजे कुणाची सासू नाही म्हणते ते वेळेत कळतं.

पाळणाघर कोर्सच्या किमान दोन आठवडे आधी सुरू व्हावं. पहिले तीन दिवस आईने अर्धा तास थांबायचं, मग पंधरा मिनिटं, मग दारातून परत. ज्या दिवशी कोर्स त्याच दिवशी पाळणाघर, असं केलं तर दोन्हीकडे रडारड.

शाळकरी मुलांचा विसर पडू देऊ नका. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी लागली की आयांची गळती सुरू होते. त्या सात-आठ आठवड्यांसाठी मोठ्या मुलांना सकाळी चार तास बसवायची सोय करा. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे आणखी एक आठवडा धरा.

दिवसाचं घड्याळ काढा, मग शिक्षण ठरवा

कोर्सची माहितीपत्रकं काढण्याआधी प्रत्येकीसोबत एक कोरा कागद घ्या आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तास लिहा. सहा ते पावणेसात नळाचं पाणी. सातपर्यंत डबे. सव्वाआठ पाळणाघर, आठ चाळीस एसटी, दहा ते एक वर्ग, अडीचला परत. चारला मोठं मूल शाळेतून. रात्रीची जेवणं, भांडी झाल्यावर नऊ वाजलेले. ‘नऊनंतर अभ्यास करीन’ असं सगळ्याच म्हणतात आणि सगळ्याच पुस्तकावर डोकं ठेवून झोपतात. या घड्याळात अभ्यासाची एकच खरी फट आहे : अडीच ते चार. मूल तोवर पाळणाघरात आहे, तर शेजारच्या खोलीत एक टेबल, एक पंखा आणि शांतता एवढी सोय करा. वर्ग आणि अभ्यास मिळून आठवड्याला 20 ते 22 तासांपेक्षा जास्त मागणारा कोर्स या घड्याळात बसत नाही.

आता शिक्षण. नववी-दहावीत शाळा सुटलेल्यांना दोन रस्ते. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म : तुम्ही खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता, फॉर्म ऑनलाइन, आणि जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. अर्जाची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून जूनपासून मंडळाच्या सूचनांवर लक्ष ठेवा; जानेवारीत आठवण झाली तर वर्ष गेलं. दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा. पाच विषय निवडता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. गणिताची धास्ती असलेल्या बाईला तो विषय न घेताही दहावी होता येतं. पण पुढे नर्सिंग किंवा आयटीआयचा विचार असेल तर त्या प्रवेशाची अट आधी वाचा, मगच विषय सोडा.

बारावी झालेल्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. 1989 पासून चालू आहे आणि अभ्यासकेंद्रं गावोगावच्या कॉलेजांत आहेत. पदवी मात्र तीन वर्षांची गोष्ट आहे, तिला लगेच कमाई जोडलेली नाही. म्हणून ती नोकरीसोबत ठेवा, नोकरीच्या आधी नाही.

लवकर कमाईकडे नेणाऱ्यांत : जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, राहून-जेवून मोफत, बहुतेक कोर्स 10 ते 45 दिवसांचे. निवासी म्हटल्यावर मुलांचा प्रश्न येतो, तेव्हा घरून ये-जा करू देता का हे संचालकांना आधीच विचारा. एएनएम, म्हणजे परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचा, बारावीनंतर. अंगणवाडी सेविकेची जागा गावात निघाली तर बारावी पास, वय 18 ते 35, विधवांना 40 पर्यंत सवलत आणि गुणांकनात जादा गुण. मात्र दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर चालत नाही. उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या ग्रामसंघात (बचत गटांच्या गावपातळीच्या संघात) बँक सखी, पशुसखी, कृषी सखी ही कामं आहेत. त्यांत गावाबाहेर राहावं लागत नाही.

शिलाईबद्दल स्पष्टच बोलायला हवं. मशीन वाटप फोटोत छान दिसतं. पण दीड हजार वस्तीच्या गावात आधीच ब्लाउज शिवणाऱ्या दहाजणी असतील तर अकरावीला गिऱ्हाईक कुठून येणार? गावातल्या शिलाईवाल्या मोजा. शाळेचे गणवेश किंवा पिशव्यांचं काम घाऊक मिळत असेल तरच शिलाई.

नोकरी आणि पहिले नव्वद दिवस

नोकरी लावून देण्याआधी तिच्यासोबत बसून हिशेब करा, आणि खरा करा. समजा तालुक्याच्या दवाखान्यात 10,000 पगार आहे. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मं तिकीट; अर्ध्या दराने 20 रुपये धरले तर 26 दिवसांचं जाऊन-येऊन 1,040. पाळणाघर 300, चहापाणी 500, रिचार्ज 250. हातात उरले 7,910. आजवर ती खुरपणीला महिन्यात बारा दिवस 300 ने जायची, 3,600. आणि निराधार अनुदान 1,500. म्हणजे 5,100. नोकरीचा पगार 21,000 ची वार्षिक मर्यादा ओलांडतो, तेव्हा ते अनुदान पुढे टिकणार नाही हे तिला तुम्हीच आधी सांगायला हवं. फरक उरला 2,810. हा फरक तिला पुरेसा वाटतो का, हे तिनेच ठरवायचं. इथे लपवाछपवी केली की तिसऱ्या महिन्यात ती घरी बसते आणि गावभर सांगते की नोकरीत काही राम नाही. ते खोटंही नसतं.

पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात-आठ तारखेला होतो. मधले चाळीस दिवस रोज भाडं लागतं, मजुरी मात्र बंद. यासाठी बचत गटातून 3,000 बिनव्याजी, तीन हप्त्यांत परतफेड. एवढी छोटी रक्कम असते, पण ती नसली की सावकाराचं दार.

मालकाशी बोलताना दयेवर बोलू नका. चार गोष्टी विचारा : नेमणुकीचं पत्र मिळेल का, पगार खात्यात होईल का, ईएसआय (कामगार विमा) कापलं जातं का आणि आजारी मुलासाठी महिन्यात एक दिवस कसा भरून काढता येईल. ईएसआयचा मुद्दा धरून ठेवा. दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी 21,000 पर्यंत पगार असेल तर तो लागू होतो आणि मुलांचाही दवाखाना त्यात येतो. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर कायद्यानेच आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येता येतं. नवरा नाही म्हटल्यावर काही ठिकाणी बघण्याची नजर बदलते. लैंगिक छळाची तक्रार करायला दहा आणि जास्त कर्मचाऱ्यांच्या जागी अंतर्गत समिती असायला हवी; नसेल तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. तिचा पत्ता फाइलीतल्या पहिल्या पानावर लिहा.

शहरात नोकरी मिळाली तर राहण्यासाठी सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांचं सरकारी योजनेतलं वसतिगृह, विचारा : मुलीला 18 वर्षांपर्यंत आणि मुलग्याला 12 पर्यंत आईसोबत ठेवता येतं. मुलगा अकराचा असेल तर पुढच्या वर्षाचं आजच ठरवावं लागेल.

घरातून विरोध होतो तो बहुधा पगारावरून होत नाही, ‘लोक काय म्हणतील’ यावरून होतो. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तसं परिपत्रक काढलं. तुमच्या ग्रामसभेत तो ठराव झाला असेल तर त्याची प्रत घेऊन सासऱ्यांकडे जा, सोबत सरपंच असतील तर उत्तम.

एकटे वडीलही यादीत असतात, थोडे पण असतात. त्यांना निराधार योजनेचा उपयोग बहुतेक होत नाही, मुलांना बाल संगोपन मात्र मिळतं. त्यांची अडचण कोर्सची नसते, वेळेची असते : रात्रपाळी आणि सकाळची शाळा. पाळणाघराच्या सभेला त्यांना वेगळं न बोलावता सगळ्यांसोबतच बोलवा, आणि स्वयंपाकाच्या पाळीत त्यांचंही नाव घाला.

नोकरी लागल्यावर पहिला महिना दर आठवड्याला एक फोन, मग पंधरा दिवसांनी, असं नव्वद दिवस. फोनवर ‘कसं चाललंय’ विचारलं तर ‘बरं चाललंय’ एवढंच येतं. विचारायचं असं : या आठवड्यात किती दिवस गेलीस, किती वाजता घरी पोचलीस, मूल जेवलं का. तीनपैकी एका उत्तराआधी ती थांबली, तर संध्याकाळी घरी जाऊन या.